चार पाय, एक जोडी बूट

काळ्या बुटांची एक जोडी आमच्या घराला केवढ्याला पडली, सांगतो.

बाबांचा ऑफिसातला तीन महिन्यांचा चहा. आणि तेवढेच महिने घरातली साखर.

एवढं करून जोडी एकच आली. शाळेत जाणारे पाय चार.

त्यातले दोन काल थांबले. माझी मोठी बहीण, सुमनताई, गेली.

करोल बागेच्या मागे एका खोलीत आम्ही सहा माणसं राहायचो. बाबा यवतमाळकडून आलेले, सरकारी ऑफिसात शिपाई. पहाटे नळावर लाइन, मग कोळशाच्या शेगडीचा धूर, मग शाळा.

शाळेची इमारत एक, शाळा दोन. सकाळी मुलींची, दुपारी मुलांची. दिल्लीची ही पद्धत आमच्या फार सोयीची.

साडेबाराला ताई गेटबाहेर यायची. मी चपलेत आलेलो, बुटात आत जायचो. ती बुटात आलेली, चपलेत घरी जायची.

बूट तिच्या मापाचे. माझ्यासाठी टोकात वर्तमानपत्राचा बोळा. तो ती कंपासपेटीत जपून ठेवायची.

तिच्या मैत्रिणी ओरडायच्या, "सुमन, तेरा जूतेवाला आ गया!"

मी लाजायचो. ताई नाही. "पाय पुढे कर रे, राजे," म्हणायची आणि लेस बांधून द्यायची.

तिचा प्लॅन पक्का होता. नववी, दहावी, मग टायपिंग.

"बाबा, तुम्ही ज्यांना पाणी नेऊन देता ना, त्यांच्यासारखी मी खुर्चीत बसणार."

"म्हणजे तुलाही पाणी मीच आणायचं?"

"नाही. तुम्ही समोर बसायचं. मी चहा मागवणार. डबल साखरेचा."

नववीची वार्षिक परीक्षा आली. गणित.

त्या दिवशी पेपर उशिरा वाटले, म्हणून मुलींना अर्धा तास वाढवून दिला. बाहेर आम्हा मुलांची लाइन लागलेली. माझा पेपर चित्रकलेचा.

हो, चित्रकलेचा!

पण बूट नसले की पीटीचे मास्तर गेटवरूनच घरी पाठवायचे. मी घाबरलो. गेटवरच्या आयाला म्हटलं, "आंटी, मेरी दीदी को बुला दो ना."

"पेपर चल रहा है उसका, बुद्धू."

"बस इतना बोल दो, मैं आ गया हूँ."

पाच मिनिटांत ताई बाहेर.

"झाला पेपर?"

"केव्हाच. सोपा होता. पाय पुढे कर."

मी त्या दिवशी बदक काढलं. चांगलं आलं होतं.

निकाल लागला. ताई गणितात नापास.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर ताई भांडली असती. "पोरीचं डोकं गणितात चालत नाही," एवढंच म्हणाले, आणि शिलाई शिकायला पाठवलं.

त्या न चालणाऱ्या डोक्यानं ताई पुढची चाळीस वर्षं, कापड नुसतं हातात धरून, किती ब्लाउज निघतील ते सांगायची. शेवटी शेवटी मयूर विहारला मुलाच्या फ्लॅटमध्येसुद्धा मशीन खिडकीपाशीच.

मी शिकलो. गुरुग्रामला स्वतःची कंपनी काढली. नवीन पोरं जॉइन झाली की मी भाषण ठोकतो: "शाळेत मी एकदाही उशिरा पोचलो नाही. ना ओळख, ना वशिला. जे केलं ते स्वतःच्या जोरावर."

ऑफिसच्या उद्घाटनाला हेच बोललो. ताई पहिल्या रांगेत होती. सगळ्यात जोरात टाळ्या तिच्या.

खाली उतरलो तर म्हणाली, "छान बोलतोस रे. थोडं हळू बोलत जा."

काल स्मशानात बुद्धवंदना झाली. एक पांढऱ्या केसांची बाई जवळ आली. कमलेश. ताईच्या बाकावर बसणारी.

"तू वही है ना, जूतेवाला?"

"हाँ जी."

"मैथ्स के पेपर में पाँच सवाल छोड़ के उठ गई थी पगली. मैंने हाथ पकड़ा. बोली, छोड़, भाई का पेपर छूट जाएगा."

कोणता पेपर, ते मला कमलेशदीदींना सांगवलं नाही.

ताई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून निरोप घेतो.

काल संध्याकाळी भाच्याने तिच्या पेटीतला नववीचा निकाल दाखवला. ती दोन मार्कांनी राहिली होती.