मंदाने परत आणलेली गोधडी

मैत्रिणींनो, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसले.

माझी जुनी मैत्रीण मंदा आज एन्नोरहून दोन बस बदलून अण्णा नगरला माझ्याकडे आली. सहा वर्षांपूर्वी मी तिला शिवून दिलेली गोधडी तिने परत आणली होती. धुऊन, नीट घडी घालून.

"घरातला पसारा कमी करतेय गं. तुझी वस्तू तुझ्याकडे बरी."

"का, टोचायला लागली?"

"मद्रासच्या उकाड्यात गोधड्या वाटणारी तू एकटीच," म्हणत ती हसली आणि तिला खोकला आला. बराच वेळ थांबेना. डॉक्टरांचं विचारलं तर म्हणाली, "दाखवलंय."

आमच्या ह्यांनीही देवाघरी जाण्याआधी महिनाभर असंच केलं होतं. वाचनालयाची पुस्तकं, शेजाऱ्यांचा पाना, ज्याचं त्याला नेऊन दिलं. मला वाटलं, निवृत्तीनंतर माणूस नीटनेटका झाला.

मंदा तोंड धुवायला आत गेली तेव्हा मी कात्रीने गोधडीची कड वीतभर उसवली.

ती आल्यावर म्हटलं, "ही बघ, कड उसवलीय. गोधडी तुझीच आहे. शिवून ठेवते, पुढच्या गुरुवारी न्यायला ये."

तिने कडेवरून बोट फिरवलं. दोरा आत्ताच कापलाय हे तिला कळलं असावं.

"जमलं तर येईन," म्हणाली.

कड शिवायला दहा मिनिटं पुरतील. सुई ओवून ठेवलीय, पण गुरुवारी ती आल्याशिवाय शिवणार नाही.

तुम्ही तिला सरळ विचारलं असतं का?