आईचा फोटो नीट करायचा म्हणून

आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. मला ती आठवत नाही. माझी थोरली बहीण, अक्का, तेव्हा अकरा वर्षांची होती. आईचा एकच फोटो आमच्याकडे आहे, तोही ओल लागून डागाळलेला, यशवंतपूरला अक्काच्या कपाटात. मी निवृत्त झालो तेव्हा ती म्हणाली, रिकामाच आहेस तर हा फोटो कंप्युटरवर नीट करून दे. परक्या माणसाने आईच्या चेहऱ्याला हात लावलेला तिला नको होता. मी फोटो स्कॅन करून घेतला.

मारतहळ्ळीला राहणाऱ्या माझ्या मुलीने फोटो एडिटिंगचं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि शिकायचं सगळं इंटरनेटवर आहे म्हणाली. सगळं होतं, हीच अडचण होती.

पहिल्या व्हिडिओतल्या माणसाने उजवीकडची चौकट उघडायला सांगितली. माझ्या स्क्रीनवर उजवीकडे काहीच नव्हतं. माझ्याच हातून काहीतरी मोडलं असं वाटून मी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. तरीही चौकट नाहीच. दोन दिवसांनी कळलं, व्हिडिओ जुन्या व्हर्जनचा होता. दुसरा नव्या व्हर्जनचा होता, पण तो गडी चार मिनिटांत फोटोतल्या दुपारची संध्याकाळ करून मोकळा झाला. त्याने माउस कुठे नेला ते मला सापडेपर्यंत तो तीन पायऱ्या पुढे. तिसऱ्याने बजावलं की दुसरा सांगतो तसं चुकूनही करू नका. एका चर्चेच्या पानावर मी प्रश्न टाकला. तिघांनी तीन उपाय सांगितले आणि चौथ्याने सॉफ्टवेअरच बदला म्हटलं. माझी वही भरत चालली होती आणि तिच्यातलं एक पान दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

शेवटी के. आर. पुरमला एका क्लासला गेलो. तिथे माझ्या मुलीच्या वयाची मंडळी लग्नाचे अल्बम बनवायला शिकत होती. तीन दिवस मीही अनोळखी नवरीचा चेहरा उजळत बसलो. चौथ्या दिवशी क्लास सुटल्यावर सरांना सांगितलं की मला यातलं काही कळत नाही, मला फक्त आईचा फोटो नीट करायचा आहे. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि कन्नडमध्ये म्हणाले, "मग सॉफ्टवेअर कशाला शिकताय? जुना फोटो दुरुस्त करणं, तेवढंच शोधा."

तसं शोधल्यावर एका बाईंचे धडे सापडले. फार कुणी पाहिलेले नव्हते. व्हर्जन कुठलं ते त्या सुरुवातीलाच सांगत, सरावाला स्वतःकडचा एक फाटका फोटो देत आणि प्रत्येक पायरीनंतर थांबत. मूळ स्कॅनला हात न लावता त्याच्या नकलेवर काम करा, हे त्यांनी पहिल्याच धड्यात सांगितलं. डागाशेजारची चांगली जागा उचलून डागावर बसवायची, हे मला महिन्याभरात जमू लागलं.

मग आईला हात घातला. साडीवरची भेग बुजवली, गालावरचे, हनुवटीवरचे ठिपके एकेक करून पुसले. प्रिंट काढून अक्काकडे नेली. तिने ती बराच वेळ पाहिली.

"ही कोण?" तिने विचारलं.

मला वाटलं, थट्टा करतेय.

"आईच्या हनुवटीवर गोंदण होतं," ती म्हणाली. "ते कुठे गेलं?"

मला ते डाग वाटले होते.

पुढच्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन गेलो आणि मूळ स्कॅन उघडला. अक्का चष्मा लावून शेजारी बसली. "स्वल्प मोठं कर," म्हणत ती स्क्रीनवर बोट ठेवून सांगू लागली. हे गोंदण. हा डाग, काढ. ही कपाळावरची बट, तिला हात लावू नको. गोंदवताना आई लहान होती, रडून हलली, म्हणून एक ठिपका बाजूला गेला, हे आईनेच तिला सांगितलं होतं. मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मग आम्ही डाव्या डोळ्याखालच्या एका ठिपक्यापाशी आलो. अक्का थांबली. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं, डोळे मिटून घेतले.

"तीळ होता," ती म्हणाली. मग म्हणाली, "की उजवीकडे होता? मला आता नक्की सांगता येत नाही रे."

मी विचारलं, पुसू का.

"राहू दे. तीळ असला तर?"

नव्याने काढलेली प्रिंट आता तिच्या पुढच्या खोलीत लावली आहे. येणारे म्हणतात, काम छान झालंय, एक डाग तेवढा राहिलाय. अक्का कन्नडमध्ये "सरी", बरं, एवढंच म्हणते आणि कॉफी आणायला उठते. मी मात्र अजून कधीतरी तो स्कॅन उघडतो, तेवढीच जागा मोठी करून पाहतो. मोठी केली की ती नुसती चौकोन चौकोन होते, आणि लहान केली की पुन्हा तीळ वाटतो.