पेठेतली लाल रेघ कुणी पुसली?

ती लाल रेघ आजही आठवते, आणि तिच्यामागं धावणारी मी आठवले की नातवंडांसमोर हसू आवरत नाही. नुकती पीएसआय झाले होते. कडक इस्त्रीची खाकी, डोळ्यांवर काळा चष्मा. तो मी ठाण्यातसुद्धा काढत नसे. गुन्हेगार घाबरतात अशी समजूत. मी उंबऱ्याला अडखळले की हवालदार तोंड फिरवून हसत.

निपाणीच्या पेठेची सुधारणा ठरली होती. सलग फूटपाथ, झाकलेली गटारं आणि रस्त्यावर बसून विकणाऱ्या बायकांना पक्क्या जागा. हद्द दाखवायला दुकानांच्या कट्ट्यांवर लाल रेघ ओढली होती. रेघेबाहेरचा कट्टा तुटणार. एका सकाळी त्या रेघेवर डांबर फासलेलं आढळलं.

खबर आली, हे काम बांगड्या विकणाऱ्या आक्कांचं. गुन्हा शाबीत झाला तर त्यांची मंजूर जागा जाणार होती. साक्षीदार समोरचे कापडवाले अण्णा. जबाब असा : "काल दिवे लागल्यावर मी गल्ल्यावर डबा खात होतो. आक्का डांबर फासताना दिसल्या."

मी आक्कांना बोलावून टेबलावर काठी आपटली. "कबूल करा!"

"ती रेघ हाय म्हणून मला जागा मिळणार, आन मीच ती पुसू व्हय? डोकं हाय का न्हाय गं तुला?"

हवालदारांना नेमका तेव्हाच खोकला आला.

संध्याकाळी अण्णा जबाबावर सही करायला आले. साक्षीदाराचा मान म्हणून चहा-भजी मागवली. अण्णांनी बशी सारली.

"मॅडम, दिवस मावळला. चष्मा काढून बघा की. चातुर्मास हाय, आता पाणीबी न्हाय."

नेमाचे जैन लोक चातुर्मासात दिवस मावळल्यावर काही खात नाहीत, हे इथं सगळ्यांना ठाऊक. मलाही होतं. चष्मा काढला आणि जबाब पुन्हा वाचला.

"मग काल दिवे लागल्यावर डबा कसा खाल्लात, अण्णा? नेम मोडला?"

"छ्या! जल्मात मोडला न्हाय!" अण्णा ताडकन उठले. "काल तर मी उन्हातच जेवून घरी गेलतो!"

"मग आक्कांना बघितलं कुणी?"

अण्णा हळूच खाली बसले. नेम वाचवला, जबाब गेला. त्यांचाच कट्टा रेघेबाहेर हातभर होता. पहाटे येऊन त्यांनीच डांबर फासलं होतं. त्यांच्या गोदामातून डांबराचा डबा निघाला, पंचनामा झाला आणि आक्का ताठ मानेनं घरी गेल्या.

खोटं रचताना माणूस दुसऱ्याच्या हालचाली नीट जुळवतो, स्वतःच्या सवयी मात्र विसरतो. तेव्हापासून मी साक्षीदाराला आधी जेवणाखाण्याचं विचारत असे, गुन्ह्याचं नंतर.

रस्ता झाला. उद्घाटनाला मी ऐटीत जीप थेट नव्या फूटपाथवर चढवली. आपल्या पक्क्या जागेवरून आक्का कडाडल्या, "कुणाची गं ही गाडी? गिऱ्हाइकानं यायचं कुठनं? काढ आधी!"

अख्खी पेठ हसली. मी आक्कांना सॅल्यूट ठोकला आणि जीप मागं घेतली. पुऱ्या नोकरीत इतक्या आनंदानं मी दुसऱ्या कुणाचा हुकूम मानला नाही.