शमुवेल नानांनी लपवलेलं बाळ

नाताळच्या सकाळी साडेआठ वाजता शमुवेल नाना जळगावातल्या आमच्या चर्चच्या दारात उभे राहायचे, तिकिटांना भोक पाडायचा आपला जुना पंच दाराच्या कडीवर टक् टक् असा दोनदा आपटायचे आणि खणखणीत आवाजात सांगायचे, "मंडळी, बाळ जन्मलेलं शे. कोठे, ते माले ठाऊक शे. तुम्हले धुंडनं पडी!" एवढं बोलून ते पायरीवर खुर्ची टाकून बसत. मग इस्त्रीचे कपडे घालून आणि नव्या साड्या नेसून आलेली आमची सगळी मंडळी बाकांखाली, कपाटांमागे, माठाच्या तिवईखाली वाकून येशू शोधायला लागायची. तो सापडेपर्यंत गाणं नाही, प्रार्थना नाही आणि मागच्या अंगणातल्या बिर्याणीच्या पातेल्याचं झाकणही उघडायचं नाही, असा नानांचा नियम होता.

नाना एसटीत कंडक्टर होते. निम्मी नोकरी जळगाव-चोपडा रस्त्यावर आणि निम्मी जळगाव-धुळे रस्त्यावर झाली. निवृत्त झाले तेव्हा खात्यानं त्यांचा गणवेश सोडवला, पण कंडक्टर काही सोडवता आला नाही. चर्चमध्ये लोक आधी मागचे बाक भरतात, ही जगभरची रीत असावी. नाना मधल्या वाटेत उभे राहून ओरडायचे, "पुढे सरका, पुढे बठ्ठी गाडी रिकामी शे!" सगळे डोळे मिटून प्रार्थना करत असताना हे डोळे उघडे ठेवून डोकी मोजायचे. प्रवचन ते धुळ्याच्या रस्त्यानं मोजायचे. छोटं झालं तर म्हणत, "पाळकसाहेब, आज पाळधीलाच उतरवलं." लांबलं तर खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "आत्ताशी एरंडोल आलं. धुळं लांब आहे, झोपा." एरवी ते साधी मराठी बोलत, पण पारा चढला किंवा मन भरून आलं की तोंडातून अहिराणीच निघायची.

लपवायचं बाळ सागाच्या लाकडाचं होतं, चार बोटांएवढं. नानांचे शेजारी कासम मिस्तरी यांनी ते कोरून दिलं होतं. आधी ते वर्षभर कमिटीच्या कपाटात डांबरगोळ्यांच्या सोबतीनं राहायचं आणि नाताळला सेक्रेटरी त्याला वर्तमानपत्रातून सोडवून गव्हाणीतल्या कडब्यावर ठेवायचे. एका वर्षी ते असं ठेवलं जात होतं तेव्हा पुढच्या बाकावर कापसाच्या भावाची चर्चा रंगली होती, माझी बायको सुनीता मोबाइलवर बहिणीच्या करंज्यांचे फोटो बघत होती आणि मी आ वासून जांभई देत होतो. नाना ताडकन उठले.

"मेंढपाळ रानमाईन पयत उनात," ते गरजले, "ज्ञानी लोके उंटवर बशीसन उनात, आनि तुम्हले येशू घरपोच पाह्यजे?"

पुढच्या वर्षी कपाट उघडलं तेव्हा डांबरगोळ्या होत्या, वर्तमानपत्र होतं, बाळ नव्हतं. आणि नाना दारात पंच घेऊन उभे होते.

पहिल्या वर्षी बाळ पेटीच्या भात्यात निघालं. पेटीवाल्यानं सूर धरायला भाता दाबला आणि आतून नुसता खोकला आला, म्हणून सापडलं. एका वर्षी चोपड्याच्या एका कुटुंबानं सजावटीसाठी केळीचे अख्खे घड आणले होते. बाळ घडातच आहे अशी कुणीतरी आवई उठवली आणि लोकांनी एकेक केळं सोलून तपासायला सुरुवात केली. बाळ शेवटी निघालं झाडूच्या काड्यांत, पण तोवर सगळे घड तपासून झाले होते आणि बिर्याणी अर्धी उरली. दोन जावा वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्या वर्षी नानांनी बाळ तांदळाच्या मोठ्या पातेल्याखाली ठेवलं. ते पातेलं एकटीला हलत नाही. दोघींनी त्याचे दोन बाजूंचे कान धरून उचललं, त्यात पहिल्यांदा "धर नीट" एवढं बोलणं झालं. नानांनी हे मुद्दाम केलं होतं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "मी कशाला मधात पडू? मी तर फक्त बाळ ठेवलं."

पण नानांचा खरा पराक्रम वेगळाच. आमच्याकडे नवे तरुण पाळकसाहेब बदलून आले, शिस्तीचे आणि घड्याळाचे. हा खेळ त्यांना पहिल्यापासून खपत नव्हता. पहिल्या नाताळला पाऊण तास झाला तरी बाळ मिळेना, तेव्हा ते स्वतः झगा सावरत स्टुलावर चढले, पंख्याच्या पात्यांवरून हात फिरवला, कपाटावरची दहा वर्षांची धूळ खाली आणली आणि घामाघूम होऊन रुमालासाठी झग्याच्या खिशात हात घातला. रुमालाबरोबर बाळ बाहेर आलं.

"झगा तुमचा, खिसा तुमचा," नाना पायरीवरून म्हणाले, "आणि शोधता पंख्यावर!"

चर्च इतकं हसलं की बाहेरच्या रिक्षावाल्यांनी आत डोकावून पाहिलं. पाळकसाहेब हसले नाहीत. पण त्या दिवशी प्रवचनाला उभे राहिल्यावर ते आधी नुसते बाळाकडे बघत राहिले. नाना माझ्या कानात म्हणाले, "आज गाडी बरोबर फलाटाला लागली."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी ठिबक सिंचनाच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. हजारो नळ्या-तोट्यांमधून पाहिजे तो वॉशर मी डोळे मिटून काढून देतो. पण इतक्या वर्षांत मला बाळ एकदाही सापडलं नव्हतं, कारण मी कधी शोधलंच नव्हतं. मी खांबाला टेकून उभा राहायचो आणि "तिकडे बघा, तिकडे" असं दुसऱ्यांना सांगायचो. नाना सगळ्यांना पाहत असत, मलाही. एकदा म्हणाले, "सुधीर भाऊ, तू धुंडत नही. दुसराले सापडाची वाट देखस." मी हसून विषय बदलला. लागलं मात्र.

नानांच्या शेवटच्या नाताळला धुळ्याहून एक वडीलधारे पाहुणे येणार होते. त्यांना दहा वाजता आमच्याकडे उपासना घ्यायची होती आणि दुपारी एरंडोलला दुसरी. पाळकसाहेबांनी आठवडाभर आधी नानांना बसवून घेतलं.

"नाना, यंदा तासभर शोधाशोध चालणार नाही. दहाच्या ठोक्याला उपासना सुरू. त्याआधी बाळ सापडलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून हे बंद. मी कमिटीत तसा ठराव घेतलाय."

"सापडेल," नाना म्हणाले. "कंडक्टरचा शब्द आहे."

साडेआठला पंच वाजला. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. पेटी, पातेली, झाडू, झगा, सगळं दोनदा पाहून झालं. दरवर्षी अशा वेळी नाना पायरीवरून खोड काढत, "थंड शे, थंड! आते जरासं गरम!" असं चिडवत. त्या दिवशी ते गप्प होते. मी खांबाला टेकलेलो होतो, तिथून त्यांचा चेहरा दिसत होता. ते इतरांसारखेच इकडेतिकडे बघत होते. मी जवळ गेलो.

"नाना, थोडी खूण तरी द्या. दहा वाजत आले."

त्यांनी माझं मनगट धरलं.

"सुधीर भाऊ, माले याद नही ई राहिनं. सोमवारले एक जागावर ठेवं. मंग वाटनं, पोरे देखी लेतीन, म्हनीसन दुसरीकडे ठेवं. कोठे ठेवं?" आणि मग अगदी बारीक आवाजात, "मी परभूले हारपाडी टाकं."

महिनाभर ते मला मधूनच माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारत होते, ती मला तोवर गंमत वाटली होती. मी म्हटलं, "नाना, मी सांगतो सगळ्यांना. तुम्ही बसा." त्यांनी मान हलवली आणि स्वतःच उठले. तेवढ्यात धुळ्याचे पाहुणे फाटकातून आत आले, पाळकसाहेब हातातलं घड्याळ बघत त्यांच्यामागे. नाना मधल्या वाटेत जाऊन उभे राहिले आणि त्यांनी पंच एकदाच वाजवला. एक टोला म्हणजे गाडी थांबवा, दोन म्हणजे निघा.

"मंडळी, मी इसरी गऊ," ते म्हणाले.

कुणीतरी हसलं, कारण ही नानांचीच नवी युक्ती वाटली. मग त्यांच्या तोंडाकडे पाहून हसणं थांबलं.

"पंचवीस साल मी तुम्हले धुंडाले लावं. माले ठाऊक राहे, म्हनीसन मी कधी धुंडंच नही. पायरीवर बशी राहिनू." त्यांनी डोळे पुसले, आणि मग त्यांचा नेहमीचा खट्याळ चेहरा कुठूनसा परत आला. "आज मन्हा नंबर लागना."

आणि गुडघ्यांच्या दुखण्यानं खुर्चीशिवाय न बसणारा तो माणूस बाकाचा आधार घेत घेत खाली गेला आणि पहिल्या बाकाखाली डोकं घालून शोधू लागला.

त्यानंतर जे झालं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. धुळ्याच्या पाहुण्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि वेदीच्या टेबलाखाली शिरले. पाळकसाहेब झगा कमरेला खोचून गच्चीच्या शिडीवर चढले. कुणीतरी बोलावलं तसे कासम मिस्तरी पटाशी घेऊन धावत आले आणि व्यासपीठाच्या फळ्या उचकटायला लागले. त्या दोन जावा पातेल्यांमध्ये कोपरापर्यंत हात घालत होत्या. दहा वाजून गेले ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. सापडलं भलतंच: पाळकसाहेबांचा चष्मा, एक चांदीचं पैंजण, तीन छत्र्या आणि आमच्या घराची ती किल्ली, जी मी हरवली म्हणून सुनीता तीन वर्षं मला बोलत होती. ती तिच्याच गीतांच्या पुस्तकाच्या पिशवीत होती. बाळ मात्र सापडलं नाही.

अकराच्या सुमारास पाळकसाहेब शिडीवरून उतरले. केसांत जळमटं, हातांना चुना.

"नाना," ते म्हणाले, "गव्हाण रिकामी आहे. पण आज मागच्या बाकावर एकही माणूस बसलेला नाही. करायची सुरुवात?"

नाना जमिनीवरच बसले होते. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, बहुतेक डोकी मोजली, आणि पंच दोनदा वाजवला.

धुळीनं माखलेल्या नव्या कपड्यांत आम्ही कडब्याभोवती उभं राहून गायलो. पेटीवाल्याला व्यासपीठाच्या भोकातून बाहेर यायला वेळ लागला म्हणून पहिलं गीत पेटीशिवायच झालं, आणि बेसूर झालं. मला ते आजही कानात ऐकू येतं.

जेवताना कासम मिस्तरी नानांजवळ येऊन बसले. "नाना, फिकर मत करो. मैं दूसरा बना देता हूँ, सेम टू सेम." नाना म्हणाले, "तू तो हातमा दी देशी, मंग धुंडानं काय?" मिस्तरींनी थोडा विचार केला, "वो भी सही है" म्हणाले आणि बिर्याणी वाढून घेतली.

नाना त्यानंतर चार महिन्यांनी गेले. शेवटच्या आठवड्यात मी रुग्णालयात भेटायला गेलो तेव्हा त्यांना माझं नाव आठवत नव्हतं, पण चर्चचा माणूस आहे एवढं कळलं असावं. त्यांनी विचारलं, "सापडना का?" खोटं बोलावं असं मनात आलं होतं. तिथल्या जिन्यात मी ते वाक्यही जुळवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं, "नाही, नाना."

त्यांना आनंद झाला. खरंच सांगतो, आनंद झाला. "बरं जयं," ते म्हणाले. "आते कोणलेच ठाऊक नही. आते बठ्ठासले धुंडनं पडी."

पाळकसाहेबांनी तो ठराव पुन्हा कधी काढला नाही. मागच्या नाताळला साडेआठ वाजता दारात कुणीच उभं नव्हतं, तरी लोक आपापल्या बाकाखाली वाकायला लागले. सुनीता खिडक्यांच्या कोनाड्यांत बघत होती. मी खांबाशी गेलो, जरा वेळ उभा राहिलो, मग तिसऱ्या बाकाशी आलो आणि आत बघायला गुडघे टेकले. खाली चॉकलेटचा कागद होता, एक तुटकं बटण होतं, अंधार होता. उठायला हात टेकवला, पण उठलो नाही. गुडघे टेकलेलेच होते, आणि मला पुष्कळ बोलायचं होतं.

"सापडलं का काही?" सुनीतानं मागून विचारलं.

मी म्हटलं, "थांब जरा."