इंजिनातलं गाठोडं

"अहो, पोरीला आधी खाली उतरवा! त्यानं वजन ठेवलंय!" सासूबाई अशा ओरडल्या, की वेल्सच्या त्या खोऱ्यातल्या मेंढ्या थेट आयर्लंडला पोचल्या असतील. दोन हजार सालानंतरचीच गोष्ट. ब्रिस्टलहून आम्ही वाफेच्या गाडीत बसायला गेलो होतो. स्टेशनातल्या म्युझियममध्ये नुकतंच ऐकलं होतं, की पूर्वी इथले ड्रायव्हर जादा कोळसा ओढायला सेफ्टी व्हॉल्व्हवर वजन लटकवायचे, मग वाफ कोंडून बॉयलर फुटायचे, माणसं जायची. पुण्यात कुकर उडून छताला वरण चिकटलेलं पाहिलेल्या बाईला तेवढं पुरे होतं. त्यात आमचा ड्रायव्हर इंजिनातल्या नळ्यांवर जड गाठोडं ठेवताना तिला दिसला, आणि नात इंजिनामागच्या पहिल्याच डब्यात. मी पोरीला काखोटीला मारून उतरवलं. म्हाताऱ्या ड्रायव्हरनं हसत फडकं सोडलं, तर आत शेकायला ठेवलेले बटाटे! "जेवण आहे माझं, मॅडम." सासूबाईंनी एकेक बटाटा दाबून पाहिला, व्हॉल्व्ह कुठंय ते विचारलं, इंजिनावर चढून तोही डोळ्यांखालून घातला. अजून कुठं दगडी कोळशाचा धूर आला, की मला ती तपासणी आठवते. "आता पटलं ना, आई?" मी विचारलं. "पटलं. पण आपण शेवटच्या डब्यात बसू."