हार्डटेल, म्हसवडचा माळ आणि दाजी

साताऱ्याहून पुसेगाव, दहिवडी, म्हसवड, आटपाडी करत मिरजेपर्यंत सायकलनं यायचं, आणि जिथं जमेल तिथं डांबर सोडून माळावरून यायचं, हे ठरवलं मी. आधीच सांगून ठेवते, कारण पुढे दाजी ही ‘माझी ट्रिप’ म्हणून सगळ्यांना ऐकवत फिरले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट होते आणि सुट्टीच्या दिवशी दंडोबाच्या डोंगरावर सायकल हाणायचे. माझी सायकल हार्डटेल. म्हणजे पुढच्या चाकाला शॉक, मागे काही नाही, नुसती पोलादी फ्रेम. पुण्यात शिकायला आलेला एक परदेशी मुलगा मायदेशी परतताना विकून गेला, ती मी उचलली.

एकटीला जायला आईनं साफ नकार दिला. “दाजी येत असतील तर जा.” दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, विजूताईचे यजमान. पुण्यात नोकरीला. कंपनीनं त्यांना अमेरिकेला पाठवलं होतं, ताईही बरोबर होती. तिथून येताना त्यांनी खोक्यात घालून दोन फुल सस्पेन्शन सायकली आणल्या, पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेल्या. एक स्वतःला, एक ताईला. ताईला सायकल चालवताच येत नाही. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या नवऱ्याला हे माहीत नव्हतं, की माहीत असून आणली, देव जाणे.

“ताईची तू घे,” दाजी म्हणाले. “दगडात ती हार्डटेल नेणार असशील तर माकडहाड घरी ठेवून ये, मेव्हणीबाई.”

मी ती सायकल दंडोबावर दोन रविवार चालवून बघितली. उताराला गादीवर बसल्यासारखं वाटतं, खोटं का बोलू? पण चढाला प्रत्येक पेडलबरोबर मागचा शॉक खाली बसायचा आणि माझा निम्मा जोर त्या स्प्रिंगमध्येच जिरायचा. वजन जास्त. शिवाय मागचं चाक ज्या दांड्यावर हलतं तो दांडा बारीक बोल्टांवर टांगलेला. त्यातला एक तुटला तर दहिवडीत कुठं मिळणार? हार्डटेलला मोडण्यासारखं फारसं काही नसतं. उताराला सीटवरून उठायचं, गुडघे आणि कोपर सैल सोडायचे. आपले पाय हाच मागचा शॉक. मी हार्डटेलच नेणार म्हटल्यावर दाजी जेवणाच्या ताटावर सगळ्यांसमोर हसले. आईसुद्धा हसली. तो पहिला राग.

जानेवारीत निघालो. मिरजेहून साताऱ्यापर्यंत एसटीच्या टपावर सायकली. कंडक्टरनं दाजींच्या सायकलीचा स्प्रिंग दाबून बघितला. “मोटारसायकल हाय व्हय ही? मग इंजिन कुटं ऱ्हायलं?” मी पोटभर हसून घेतलं.

ताईचं काम काय, तर आमच्या बॅगा घेऊन एसटीनं पुढच्या मुक्कामाला जायचं आणि स्टँडवर बसून वाट बघायची. हे दाजींनी परस्पर ठरवलं होतं. “तिलाही फिरायला मिळेल,” म्हणे.

पहिल्या दिवशी कोरेगावावरून वर्धनगडाचा घाट चढून पुसेगाव. घाटात मी पुढे, दाजी मागे, त्यांची सायकल दर पेडलला घोड्यासारखी उसळतेय. वर पोचल्यावर ते म्हणाले, “गिअर नीट बसला नाही आज.” पुसेगावात बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि कांदा. स्वस्त आणि पोटभर. जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: या भागात बाभळीचे काटे टायरला सोडत नाहीत. पंक्चरचं सामान आणि जादा ट्यूब हवीच, आणि पाणी दिसेल तिथं भरून घ्या.

दुसऱ्या दिवशी दहिवडीच्या पुढे डांबर सोडलं. म्हसवडच्या अलीकडचा माळ म्हणजे काळे धोंडे, मुरूम, मधूनच ओढ्याची कोरडी घळ. कडेला एखाद्या पट्टीत ज्वारी उभी, बाकी कुसळं. इतका मोकळा प्रदेश मी तोवर पाहिला नव्हता. धोंड्यांतून वाट निवडत, सायकल अंगाखाली नाचू देत जायचं. मी फार खूश होते. तेवढे दोन तास मला कुणाचाही राग नव्हता.

उताराला दाजी सुसाट पुढे गेले. शॉक आहे म्हणून वाट निवडायचीच नाही, सरळ धोंड्यांवर सायकल घालायची. खाली घळीत गाठलं तेव्हा ते बाभळीखाली उभे होते. मागच्या दांड्याचा बोल्ट तुटला होता आणि चाक फ्रेमला घासून अडकलं होतं. चाक जागचं हलेना.

“तार मिळाली तर बांधता येईल,” मी म्हटलं. टेकाडापलीकडे मेंढरांचा कळप दिसत होता. धोंड्यांतून चालत जाणं बरं म्हणून माझी सायकल तिथंच ठेवली आणि मी धनगरांच्या तळावर गेले. एक म्हातारी आणि तिची सून होती. त्यांनी पाणी दिलं, तारेचा तुकडाही शोधून दिला.

परत आले तर बाभळीला दाजींची मोडकी सायकल टेकवलेली. दाजी नाहीत. माझी हार्डटेल नाही.

आधी वाटलं, मदत आणायला गेले असतील. मग वाटलं, इथंच कुठं असतील. हाका मारल्या. बसून राहिले. ऊन कलायला लागलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: हा माणूस येणार नाही. तार बांधून बघितली, दांडा काही बसेना. ती जड सायकल खांद्यावर घेऊन मी टेकाड चढायला लागले आणि माझ्या तोंडून ज्या शिव्या निघाल्या त्या मलाही नवीन होत्या.

म्हातारीनं लांबून बघितलं. “एकलीच कशी गं तू? तुजं मानूस कुटं गेलं?”

“माझं माणूस नाही ते. बहिणीचा नवरा. माझी सायकल घेऊन गेला.”

“आन् तुला हितं टाकून?” ती सुनेकडे वळली. “ऐकलंस का गं? लय शाना दिसतोय.”

त्यांनी सामानाचं तट्टू आणलं आणि ती अमेरिकन सायकल त्याच्या पाठीवर दोरीनं आवळली. डांबरी रस्त्यापर्यंत दोघी माझ्याबरोबर आल्या. निरोप घेताना सून एवढंच म्हणाली, “बहिनीला सांग मातुर. लपवू नगंस.” एका टेंपोवाल्यानं मला म्हसवडला सोडलं.

स्टँडसमोरच्या हॉटेलात दाजी चहा पीत होते. शेजारी ताई, पायाशी बॅगा. भिंतीला माझी सायकल.

“आलीस?” ते म्हणाले. “म्हटलं तू काय, दणकट आहेस, येशील चालत. ताई इथं एकटी होती ना, मला अंधाराच्या आत पोचणं भाग होतं. आणि काय गं, तुझी हार्डटेल छान पळते हं दगडातून!”

मी ओरडले. हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली तरी ओरडत राहिले. मला न सांगता, उजाड माळावर सोडून, माझ्याच सायकलवरून पळून आलात, लाज कशी वाटली नाही, असं सगळं बोलले. दाजी हसत हॉटेलवाल्याला म्हणाले, “मेव्हणी आहे. चालायचंच.” ताई म्हणाली, “मंजू, हळू. लोक बघतायत.” खरं सांगते, त्या क्षणी मला ताईचाही तितकाच संताप आला.

सकाळी लॉजबाहेर आले तर दाजींनी स्वतःची बॅग माझ्या कॅरिअरला बांधलेली. “मी पुढे निघतो. तुम्ही दोघी ती सायकल घेऊन एसटीनं या.”

मी काही बोलायच्या आत ताई म्हणाली, “तिची सायकल तिला द्या.”

“तू मध्ये बोलू नको.”

ताईनं खाली वाकून दोरीची गाठ सोडली, बॅग काढली आणि त्यांच्या पायाशी ठेवली. मग मला म्हणाली, “जा तू. मी येते बसनं.”

आटपाडी, विटा, तासगाव. ठरल्याप्रमाणे एक मुक्काम वाटेत केला, पण त्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. समोरचा वारा आणि डोक्यातली भांडणं, एवढंच आठवतं. मिरजेत घरी पोचले तर आई दारातच उभी. “जावयाला चारचौघांत बोललीस? आधी फोन करून माफी माग.” दाजी ताईला आमच्याकडे पोचवून पुण्याला गेले होते. जाताना आपली बाजू व्यवस्थित सांगून गेले होते.

ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. “ती माफी मागणार नाही,” म्हणाली. “आई, तिकडे अमेरिकेत एकदा गाडीत आमचं भांडण झालं. यांनी मला हायवेवरच्या पेट्रोल पंपावर उतरवलं आणि निघून गेले. बर्फ पडत होता. माझ्याकडे पैसे नव्हते, कुणाचा नंबर नव्हता. संध्याकाळी परत आले, हसत. परत आले म्हणून मी कुणाला सांगितलं नाही.”

आईनं तिला हाताला धरून आत ओढलं आणि पाटावर बसवलं.

जेवणं व्हायच्या आधी फोन वाजला. आईनं उचलला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता: विजूला द्या, परवा तिला पुण्याला पाठवा.

“ती झोपलीय,” आई म्हणाली. ताई समोर कोथिंबीर निवडत बसली होती. “नाही, उठवणार नाही मी. आणि पाठवणारही नाही. यायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल.” रिसीव्हर ठेवताना आईचा चेहरा लालबुंद झाला होता.

ताई गेली नाही. आज ती मिरजेतच असते, तिची नोकरी आहे, घर आहे. अजूनही लग्नकार्यात भेटलं की एखादी मावशी म्हणते, एका सायकलवरून विजूचा संसार मोडला. आणि मग माझ्याकडे बघून, इतकी वर्षं झाली, सोड आता तो राग.

का सोडू?