फुली न मारता काढलेला कोड

ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, वर्षानुवर्षं पडून राहिलेला कोड दिसला की माझं डोकं फिरतं. कुणी वापरत नाही आणि काढायची हिंमतही कुणी करत नाही! गेल्या हिवाळ्यात बनी पार्कच्या आमच्या घरी बसून मी आवाज काढणारं एक जुनाट साउंड कार्ड चालवणारा कोड असाच उडवला. त्याआधी हा कर्नल लिहिणाऱ्या जगभरच्या मंडळींना मेल करून विचारलं होतं, हे कुणी वापरतं का? एकाचंही उत्तर आलं नाही. मग नवा कर्नल बाबांच्या कॉम्प्युटरवर टाकून पाहिला. झकास सुरू झाला.

चार दिवसांनी बाबा दोन्ही स्पीकर छातीशी धरून ई-रिक्षातून उतरले. चारदीवारीतल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातल्या, दुरुस्तीवाल्याकडे गेले होते.

"भैया म्हणतो, स्पीकर ठणठणीत आहेत. मग माझी भजनं का वाजत नाहीत रे?"

मी कॉम्प्युटर उघडला. आत तेच कार्ड!

बाबांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. मी कबुली दिली, तर ते हसले. "आम्ही बंद केलेला सिग्नल लगेच उपटत नव्हतो. आधी त्यावर फुली ठोकायचो. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला नको?"

"अहो बाबा, मी अख्ख्या जगाला विचारलं होतं!" मी चिडून म्हणालो.

"मला विचारलंस?"

मी कोड परत घातला. परत घालताना कारण लिहावं लागतं. मी लिहिलं: वापरणारा सापडला, शेजारच्या खोलीत.